गोळ्या कुडात खोचून ठेवू नका

काशिमिऱ्याच्या माशाच्या पाड्यापासून चेण्यापर्यंत आम्ही वनहक्क दाव्यांसाठी घरोघर फिरतो. कागद काढा म्हटलं की कागदांसोबत लाल गोळ्यांची न फोडलेली पाकिटं बाहेर पडतात. गरोदरपणात 180 दिवस रोज एक, बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस, असं सरकारचं ठरलेलं आहे. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. पण खातं कोण? "मळमळतं, परसाकडला काळं होतं," बाया सांगतात.

काळं होणारच, ते लोहानंच होतं. मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या. चहासोबत मात्र नको. चहा लोह अंगी लागू देत नाही, आधी-मागे तासभर तरी सोडा. लिंबू, आवळा चांगला. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. सिकलसेल असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि पाकीट पोरांच्या हाती लागू देऊ नका, गोड समजून चारदोन जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं. नुसतं पाकीट देऊन सही घेणं याला आम्ही औषध देणं म्हणत नाही, हे सगळं सांगायला हवं.

आमच्यातलेच काही म्हणतात, जंगल हाती आलं, रानभाजी आली की गोळी कशाला? आम्हाला पटत नाही. टाकळा, शेवळं आमचीच, त्यासाठी लढूच. पण कायदा 2006 चा, आणि आमचे दावे अजून लटकलेलेच. पोटुशी बाई निकालापर्यंत कशी थांबणार?

पुढच्या बैठकीला बायांनो, दाव्याच्या कागदांसोबत पाकीटही घेऊन या.