जनुकीय अहवालातल्या एका ओळीवरून सोयरीक मोडू नका

संपादक महोदय,


जनुकीय तपासणीचे अहवाल आता आपल्याही घरांत येऊ लागले आहेत. स्तनाचा कर्करोग, हृदयाचा स्नायू जाड होणं, लेकराच्या फिट्स अशा कारणांसाठी डॉक्टर ही तपासणी सांगतात. अहवालात कधी कधी लिहिलेलं असतं की एक दुर्मीळ बदल सापडला आहे, त्याचा अर्थ अनिश्चित आहे. घरचे 'सापडला' एवढंच वाचतात. मग मुलीच्या सोयरिकीत कुजबुज सुरू होते आणि कुणीतरी पूर्वजांच्या पापाचा विषय काढतं. जन्मांधाबद्दल शिष्यांनीही हेच विचारलं होतं. प्रभूने त्यालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईबापांनाही नाही. मग आपण कोण देणार?

प्रत्येक माणसाच्या जनुकसंचात प्रमाण संचापेक्षा 40 ते 50 लाख ठिकाणी फरक असतो. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. अमेरिकी तज्ज्ञांनी 2015 मध्ये अशा बदलांचे पाच वर्ग ठरवले: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधल्या वर्गाचा अर्थ एवढाच की पुरावा अपुरा आहे. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये, असं तज्ज्ञ सांगतात. मग लग्न तरी का मोडावं?

हा पुरावा तीन-चार बाजूंनी जमतो. निरोगी लोकांत तो बदल किती आढळतो? घराण्यातल्या आजारी माणसांतच तो आहे, की धडधाकट म्हाताऱ्यांतही आहे? प्रयोगशाळेत त्याने प्रथिनाचं काम बिघडतं का? संगणकाचा अंदाज एकटा पुरत नाही.

तुलनेला योग्य माणसं नसली तर काय होतं, हे अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. हृदयस्नायूच्या आजाराचे म्हणून कळवलेले काही बदल कृष्णवर्णीय लोकांत सर्रास आढळणारे, निरुपद्रवी निघाले. आधीच्या अभ्यासांत तुलनेसाठी कृष्णवर्णीय फार थोडे घेतले होते, म्हणून ही चूक झाली. आपल्याकडे 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने सुमारे 10,000 भारतीयांची माहिती जमवली, ही चांगली सुरुवात आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला ती थोडीच. आपापसांतच लग्नं करणाऱ्या लहान समाजांत बाहेर दुर्मीळ असलेला बदल घरोघरी असू शकतो.

म्हणून मंडळ्यांना दोन विनंत्या. पहिली, घराण्याचा इतिहास लपवू नका. कोण कोणत्या वयात, कशाने गेलं, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. चर्चच्या दफन-नोंदवहीत वय असतं, काही ठिकाणी मृत्यूचं कारणही असतं. कुटुंबाने मागितलं तर पाळकसाहेबांनी त्यांची नोंद त्यांना दाखवावी, चौकात वाचू नये. जनुकतज्ज्ञाने नातेवाइकांचंही रक्त मागितलं तर द्यावं. दुसरी, विवाहपूर्व मार्गदर्शनात असा अहवाल निघाला तर आधी जनुकीय समुपदेशकाकडे पाठवा, मग काय ती बोलणी करा.

'अनिश्चित' म्हणजे निर्धास्त, असंही नाही. आई आणि मावशी दोघींना कर्करोग झाला असेल तर मुलीची नियमित तपासणी चालूच राहिली पाहिजे. दर दोन-तीन वर्षांनी तज्ज्ञाला विचारावं की निकाल बदलला का. बदलतो तेव्हा तो बहुतेक वेळा 'निरुपद्रवी'कडेच झुकतो. पण तोवर मोडलेली सोयरीक कोण जोडून देणार?

आपला,
मंडळीचा एक सभासद, बेळगाव