टपावरचं ओझं



गेल्या हळदीच्या दिवसांत सिद्धेश्वरला बहिणीकडे चार दिवस मुक्काम होता. औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव पूर्णेवरच्या धरणामुळं सगळ्यांना ठाऊक. वरच्या अंगाला येलदरी, खाली सिद्धेश्वर. या पाण्यावर आणि विहिरींवर आता हिंगोली जिल्ह्यात हळद घरोघरी झाली. हळद आली तसं तिच्यामागं ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, शिजवायचे ड्रम, पोती असं सगळं लटांबर आलं. ते वाहायला गावात पिकअप गाड्याही आल्या.

भाच्यानं अशीच एक जुनी पिकअप कर्जानं घेतली. घरचा माल वाहायचा, चार शेजाऱ्यांचा वाहायचा आणि हप्ता फेडायचा, असा त्याचा हिशेब. मी गेलो त्या दिवशी तो गाडीभोवती टेप घेऊन फिरत होता.

मला म्हणाला, "मामा, खेपा लय होऊ लागल्यात. डिझेल परवडंना. टपावर मोठं कॅरिअर करून घेतो. वर धा-बारा पोती बसली तर एक खेप वाचंल."

मी म्हटलं, "कॅरिअर करू. पण आधी वर काय चढवायचं ते ठरवू. पोत्याचं मग बघू."

शेतकरी बंधूंनो, गल्ली गेली तिथं चूक होते ती इथंच. आपण आधी दुकानात जातो, लोखंड पसंत करतो, रंग ठरवतो आणि ओझ्याचा विचार शेवटी करतो. म्हणजे आधी कळस, मग पाया. म्हणून आम्ही अंगणात बसून सामानाचे तीन ढीग पाडले.

पहिला ढीग जड सामानाचा : हळदीची पोती, खताच्या गोण्या, डिझेल इंजिन, मोटार. दुसरा लांब सामानाचा : तुषार संचाचे आणि पाइपलाइनचे वीस फुटी पाईप. तिसरा ढीग फुगीर पण हलक्या सामानाचा : गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, रिकामे क्रेट, रिकामा बारदाना, टोपल्या, अंथरूण-पांघरूण.

टपावर जायचा हक्क फक्त तिसऱ्या ढिगाचा. तो हौद्यात जागा खातो, पण वजन करत नाही. तो वर गेला की खाली पोत्यांना जागा मोकळी होते. भाच्याची खेप वाचणार होती ती पोती वर चढवून नव्हे, हलकं सामान वर चढवून.

जड ढीग वर का नको, हे आमच्या अक्कानं चुलीपासून उठून एका वाक्यात सांगितलं. ती म्हणाली, "कमरेवर घागर घेऊन बाई बांधावरून पळंल, पण डोक्यावर तीन हंडे असले की जपून पाय टाकती." गाडीचंही तेच. ओझं जेवढं उंच, तेवढी गाडी वळणावर कलती. रस्त्याची एक बाजू खचलेली असली, एक चाक खड्ड्यात गेलं, की उंचावरचं पोतं साऱ्या गाडीला आपल्याकडं ओढतं. हौद्याच्या तळाशी ठेवलेलं तेच पोतं गाडीला जमिनीवर दाबून धरतं.

लांब ढिगाचीही गंमत ऐका. पाईप वीस फुटी आणि गाडी नाकापासून शेपटीपर्यंत सतरा फूट. म्हणजे तीन फूट बाहेर राहणारच. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात हे टोक दिसत नाही. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात माल गाडीच्या बाहेर काढला किंवा ठरलेल्या उंचीच्या वर रचला तर वीस हजार रुपये दंड सांगितला आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च वेगळा. भाच्याचा चेहरा पडला. पण हप्त्यापेक्षा दंड मोठा आणि दंडापेक्षा एखाद्याचा डोळा मोठा. वीस फुटी पाईप त्याच्या गाडीचं ओझंच नव्हे. ते लांब हौद्याच्या मोठ्या गाडीतून आणावेत.

आता पायाचं बोलू. गाडी घेतली तेव्हाच तिच्या टपावर आधीच्या मालकाचं एक कॅरिअर होतं. पुढचे दोन पाय केबिनच्या पत्र्यावर टेकवलेले, मागचे दोन हौद्याला वेल्डिंग केलेले. दिसायला भक्कम. पण पायाखालचा पत्रा बशीसारखा दबला होता, कडेला चीर गेली होती आणि पावसाळ्यात पाणी थेट भाच्याच्या मांडीवर गळत होतं. असं का झालं, ते नीट समजून घ्या.

पिकअपची केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. दोन्ही खालच्या चासीवर स्वतंत्र बसवलेले असतात. केबिनच्या खाली रबरं असतात. रस्त्यावर चाक खालीवर झालं की चासी किंचित पिळते, मग केबिन एकीकडं हलते आणि हौदा दुसरीकडं. दोहोंच्या मधली ती बोटभर फट त्यासाठीच असते. आता एकच ताठ लोखंडी सांगाडा दोघांनाही जखडला, तर हालचाल होते तेव्हा कोणीतरी तुटणार. सगळ्यांत नाजूक असतो टपाचा पत्रा, म्हणून तो फाटतो. दोन बैलांच्या माना जुवात अडकवतो, पण शिवळा आणि जोतं थोडं सैल ठेवतोच ना? तसंच आहे हे.

म्हणून पहिला नियम असा : कॅरिअर उभं राहील ते हौद्यावर. केबिनच्या वर ते छपराच्या वळचणीसारखं पुढं येईल, पण तिला शिवणार नाही. मध्ये तीन इंच मोकळे ठेवावेत.

आम्ही माप घेतलं ते असं. हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन खांब आणि तिथून चार फूट मागं आणखी दोन. वरचा सांगाडा सात फूट लांब, पाच फूट रुंद. सातातले चार फूट हौद्यावर, तीन फूट केबिनवर. ओझ्याचा मोठा भाग मागच्या चार फुटांवर ठेवायचा. बैलगाडी उलाळ झाली तर जू वर उचलतं, तसंच पुढं लटकलेल्या भागावर जादा माल टाकला तर मागचे खांब उपटायला बघतात.

लोखंड कोणतं घ्यावं? दुकानदार "मजबूत करू" म्हणून दोन इंची, सहा मिलीमीटर जाडीचा अँगल दाखवत होता. आम्ही हिशेब केला. आमच्या सांगाड्याला सगळे मिळून सदुसष्ट फूट लोखंड लागत होतं. तो अँगल फुटाला एक किलो चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसता सांगाडाच ९२ किलोंचा. दीड इंची चौकोनी पाईप, दोन मिलीमीटर जाडीचा घेतला तर फुटाला सातशे ग्रॅम, म्हणजे ४६-४७ किलो. शिवाय चौकोनी पाईप पिळाला अँगलपेक्षा पुष्कळ जास्त दाद देत नाही. जड ते मजबूत, हा समज इथं सोडून द्यावा. सांगाड्याचं वजन टपावर कायमचं बसतं आणि गाडीच्या वाहायच्या वजनातून तेवढा माल कमी होतो. कडेनं चार इंच उंचीचा कठडा, खालच्या पट्ट्या आणि बोल्ट धरून आमचं कॅरिअर साठ-पासष्ट किलोंत बसलं.

बांधताना या गोष्टी सांभाळा.

प्रत्येक खांबाच्या तळाशी सहा इंच चौरस जाड पट्टी लावावी. हौद्याच्या पत्र्याखाली तशीच दुसरी पट्टी धरून दोन्हींतून बारा मिलीमीटरचे चार बोल्ट ओवावेत. खांब शक्यतो हौद्याखालच्या आडव्या चॅनलवर यावा. नुसत्या पत्र्यावर खांब उभा केला तर पत्रा फाटतो. चासीला भोक पाडू नये आणि तिला वेल्डिंगही करू नये.

चार पाय आणि वर चौकट एवढंच केलं तर ते ढिल्या बाजेसारखं डुलतं. म्हणून प्रत्येक खांबापासून वरच्या चौकटीपर्यंत तिरपा आधार द्यावा आणि कोपऱ्यांत त्रिकोणी पत्रा भरावा. तीन बाजूंचा आकार हलत नाही, चार बाजूंचा हलतो.

सगळं वेल्डिंग जमिनीवर करून मग सांगाडा गाडीवर चढवून बोल्टनं आवळावा. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, नाहीतर आताच्या गाड्यांमधलं इलेक्ट्रॉनिक सामान जळू शकतं. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नये. पाईप पातळ असतो, म्हणून करंट कमी ठेवावा.

पाइपांची उघडी तोंडं बंद करावीत आणि खालच्या अंगाला पाणी निथळायला बारीक भोक ठेवावं. नाहीतर पाणी आत साठून आतूनच गंज चढतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. रंगाआधी रेड ऑक्साईडचा हात द्यावा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. नवा बोल्ट बसतो तसा सैल होतो.

माल बांधताना ध्यानात ठेवा, जोराचा ब्रेक दाबला की वरच्या सामानाच्या निम्म्या वजनाहून जास्त जोर पुढच्या दिशेनं लागतो. म्हणून पुढचा कठडा मागच्यापेक्षा उंच ठेवावा. प्रत्येक ढिगाला दोन ठिकाणी दोर घ्यावा. नायलॉनचा दोर ताणतो आणि त्याची गाठ सरकते, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी थांबवून हात लावून बघावं. ताडपत्री मोकळी सोडू नये. वारा तिच्यात शिरला की ती शिडासारखी फुगते.

आणखी एक गोष्ट. माल भरून झाल्यावर जमिनीपासून सगळ्यांत वरच्या टोकापर्यंतची उंची मोजा आणि तो आकडा गाडीत डोळ्यांसमोर लिहून ठेवा. आपल्या शेतरस्त्यांवर विजेच्या तारा कुठं कशा लोंबतात, ते तुम्हाला मी काय सांगू! कडब्याच्या गाड्या तारेला लागून पेटल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलं-पाहिलं आहे.

कायद्याचंही काम आधीच करून घ्यावं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. मालकानं तसा बदल केला तर प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. म्हणून कागदावर साधं चित्र काढून, मापं लिहून आधी हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात दाखवावं आणि चालेल म्हटल्यावरच लोखंड कापावं. आम्ही तसंच केलं. एक दिवस गेला, पण मन स्वस्थ झालं. गाडीच्या नोंदणी पुस्तकात रिकामं वजन आणि भरून एकूण वजन, दोन्ही लिहिलेली असतात. जादा वजन भरलं तर वीस हजार दंड आणि वर दर जादा टनाला दोन हजार.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते.

कॅरिअर तयार झालं त्या संध्याकाळी भाचा सहज म्हणाला, "मामा, आता हळद काढायच्या बायका हौद्यात आणि दोन-चार गडी वर, असं बी जमंल." अक्काच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. तिला काय आठवलं ते मला कळलं. ४ एप्रिल २०२५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरमधून हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. नांदेडजवळ आलेगावच्या शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणी गेल्या. त्याही कोणाच्या तरी आया, लेकी, सुना होत्या.

अक्का एवढंच म्हणाली, "माणूस म्हंजे माल न्हाई, बाळा."

मीही त्याला सांगितलं. मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली दिला आहे. म्हणजे जीव जातो तो त्यांचा आणि घरदार जातं ते तुझं. भाचा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं कठड्यावर रंगानं दोन ओळी लिहून घेतल्या : 'वजन ६० किलोपर्यंत. माणूस बसू नये.'

साठ किलो हा आकडा आम्ही मुद्दाम कमी धरला. ज्याच्याकडं वजनकाटा नाही त्यानं सोपी खूण धरावी : एकट्या माणसाला जमिनीवर उभं राहून जे दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलता येत नाही, ते टपावर जाणार नाही.

त्या हंगामात भाच्यानं नळ्या, ताडपत्र्या आणि बारदाना वर टाकला, पोती खाली रचली आणि हिंगोलीच्या मार्केट यार्डाच्या वाऱ्या केल्या. धा-बारा पोती काही वर बसली नाहीत. पण मोकळ्या झालेल्या हौद्यात दोन-तीन पोती जास्त बसू लागली, तीही नोंदणी पुस्तकातलं वजन सांभाळून. हप्ता वेळेवर जातो. पावसात मांडीवर पाणी गळत नाही. आणि तो निघाला की अक्का आता दारात उभी राहून काळजी करत नाही, निदान पूर्वीइतकी तरी नाही.

तुमच्या गाडीवर कॅरिअर असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. त्याचे पाय कुठं टेकलेत ते बॅटरी घेऊन खालून बघा. पत्र्यावर असतील तर हंगामाच्या आधी हलवून घ्या.