मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे

शहाडला पावसाळा आला की आमच्या मनीच्या अंगावर पिसवा आल्याच. एकदा मी शहाणपणा केला. घरात कुत्र्याचं औषध होतं, त्यातलेच दोन थेंब तिच्या मानेवर टाकले. रात्री ती थरथरायला लागली, तोंडातून लाळ... कोमट पाण्याने, भांड्यांच्या साबणाने मान धुतली आणि रिक्षाने थेट डॉक्टर. वाचली बिचारी!

कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत त्याचा निचरा करतं, मांजराचं नीट करू शकत नाही. म्हणून ‘थोडंसं चालतं’ हा हिशेबच चुकीचा. माझं मत विचाराल तर ‘मांजराला लावू नये’ हे अशा खोक्यावर मराठीत, ठळक छापायला हवं. बारीक इंग्रजी घाईत कोण वाचतं? मी तरी वाचलं नव्हतं.