कचरा कुणाचा, जळण कुणाचे?

ऊर्जेच्या सरकारी कागदपत्रांत गेली काही वर्षे एक शब्द सारखा भेटतो : 'पीक-अवशेष'. साध्या भाषेत सांगायचे तर शेतातला कचरा. उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, भाताचा तूस, भुईमुगाची टरफले. हे सगळे वाया जाते, शेतकरी ते काडी लावून पेटवून देतो, तेव्हा त्याचा वायू करा, वीज करा, दाबून गोळ्या करा आणि कारखान्यांना पाठवा, असा एकूण सूर आहे. हा सूर सगळाच चुकीचा नाही. पण हे खरोखर वाया जाते का, असे जिच्या चुलीत ते आजवर जळत आले तिला कुणी विचारलेले दिसत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी संपली की शेत मोकळे करण्यासाठी पऱ्हाट्या उपटाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी हे काम भूमिहीन मजूर बायका करतात आणि मजुरीऐवजी किंवा मजुरीच्या जोडीला पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावरून घरी आणतात. पुढचे कित्येक महिने त्यावर त्यांची चूल पेटते. तुराट्यांचा कूड होतो, उरतील त्या जळणात जातात. उसाचे वाढे विकून ऊसतोड जोडप्याला चार पैसे सुटतात आणि कोपीपुढची चूल पाचटावर पेटते. गरिबाच्या घरात कचरा नावाची वस्तूच नसते. सरकारी आकडेवारीत या जळणाला वर्षानुवर्षे 'बिगर-व्यापारी इंधन' म्हटले गेले. म्हणजे त्याला भाव नाही, म्हणून त्यामागच्या कष्टालाही भाव नाही. आता त्याला भाव येऊ घातला आहे. आपल्या अनुभवात बायकांच्या हातातल्या वस्तूला भाव आला, की ती वस्तू बायकांच्या हातातून निघून जाते. या वेळी तसे होऊ नये म्हणून हा विषय आपल्या बैठकांत यायला हवा.

आधी हे तंत्र काय आहे ते समजून घेऊ. लाकूड उघड्यावर पेटवले तर ज्वाळा निघतात, उष्णता निघते आणि राख उरते. पण तेच लाकूड बंद भट्टीत घालून त्याला हवा बेतानेच दिली, तर ते पुरते जळत नाही. आधी वाळते, मग त्याचा कोळसा होऊ लागतो, आणि त्यातून निघालेली वाफ व वायू लालबुंद निखाऱ्यांतून गेले की त्यांचा एक जळणारा वायू तयार होतो. त्यात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो. जवळजवळ निम्मा भाग हवेतला नायट्रोजन असतो. हा वायू शेगडीत जाळता येतो किंवा थंड आणि स्वच्छ करून इंजिनाला देता येतो. या भट्टीला गॅसिफायर म्हणतात. एक युनिट वीज करायला साधारण सव्वा ते दीड किलो कोरडे लाकूड लागते. कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडेही मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून चालत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींतून आपल्यातल्या काहीजणींनी त्या ऐकल्या असतील. शेणावर चालणारा गोबर गॅस वेगळा. तो कुजण्यातून होतो, हा जळण्यातून.

महाराष्ट्राला हे तंत्र परके नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि बगॅस यांवर चालणाऱ्या गॅसिफायरचे काम केले. पुण्याच्या 'आरती' या संस्थेला पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याच्या पद्धतीबद्दल २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तेव्हा हे आपल्या मातीत होत नाही, असे कुणी म्हणू नये. प्रश्न तंत्राचा कमी आणि मालकीचा जास्त आहे.

कर्नाटकातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. या मंडळींनी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात, गावाची ऊर्जा नेमकी कुठून येते याचा हिशेब मांडला. त्यात त्यांनी माणसांचे कष्टही मोजले. सरपण आणणे, पाणी भरणे, स्वयंपाक, गुरे चारणे, शेतीकाम असे सगळे धरून माणसांच्या श्रमाचे ५३ टक्के तास बायकांचे, ३१ टक्के पुरुषांचे आणि १६ टक्के मुलांचे निघाले. गावाचा गाडा कोण ओढते हे आपल्याला ठाऊकच होते. इथे ते आकड्यांत आले.

त्याच जिल्ह्यात होसहळ्ळी नावाच्या छोट्या गावात १९८८ मध्ये लाकडावरचा गॅसिफायर बसला. लाकडासाठी गावाने झाडे लावली. सुरुवातीला जेमतेम पाच अश्वशक्तीचे इंजिन होते, पुढे क्षमता २० किलोवॉट झाली. घरांत दिवे आले, पिण्याचे पाणी उपसले जाऊ लागले, पिठाची गिरणी चालली, काही शेतांना पाणी मिळाले. हे चौदा-पंधरा वर्षे चालले. या यादीकडे बाईच्या नजरेने पाहा. पाणी आणि दळण ही दोन्ही कामे बाईच्या खांद्यावरची आणि मनगटातली. वायू कशासाठी वापरायचा हे ठरवताना ती कामे यादीत आली, म्हणून त्या विजेचा बाईला उपयोग झाला. तीच वीज नुसती बागायतदाराच्या पंपाला गेली असती, तरी अहवालात 'गावाला वीज मिळाली' असेच छापले असते.

आता आपल्या राज्यातले उलटे उदाहरण. २००६च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने भारतीय विज्ञान संस्थेत घडवलेली 'ऊर्जा' नावाची शेगडी महाराष्ट्र, कर्नाटक वगैरे भागांत आणली. शेतमालाच्या अवशेषांच्या गोळ्या घालायच्या, लहान पंखा लावायचा, आणि शेगडीतच वायू होऊन तो निळ्या-पिवळ्या ज्वाळेने जळायचा. धूर फार थोडा. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेशी जोडलेल्या बायकांनी ती दारोदार जाऊन विकली. चार लाखांहून अधिक शेगड्या खपल्या. मग कारखान्यांचे बॉयलरही त्याच कच्च्या मालाला गिऱ्हाईक झाले, त्याचा भाव चढला आणि गोळ्या महागल्या. २००९ मध्ये बीपीने हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे दिला. कंपनीने पुढे हॉटेलांसारखी मोठी गिऱ्हाइके धरली आणि घरातली शेगडी कोपऱ्यात गेली. शेगडीत खोट नव्हती. पण गोळ्यांचा भाव आणि पुरवठा यांतले काहीच त्या बायकांच्या हाती नव्हते. शेतातून फुकट येणारे जळण कारखान्यात जाऊन पिशवीबंद होऊन परत आले, आणि ते विकत घ्यायची ऐपत बाईजवळ उरली नाही.

हीच गोष्ट आता मोठ्या प्रमाणावर घडू शकते. कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात शेतअवशेषांच्या गोळ्या मिसळल्याच पाहिजेत, असे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणले. सुरुवातीचे प्रमाण ५ टक्के ठेवले. तिथे गॅसिफायर नसून बॉयलर आहेत, पण कच्चा माल एकच. एवढ्या मोठ्या भट्ट्यांपुढे मजूर बाईचा भारा तो किती! माल ज्याच्या शेतातला, पैसा त्याचा, असा सरळ हिशेब होईल. आणि शेत कुणाचे? २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्के आहेत. म्हणजे पऱ्हाटी उपटणारी एक आणि पावती दुसऱ्याच्या नावावर.

कुणी म्हणेल, 'मग काय, बायकांनी धुरातच बसायचे? चुलीचे गोडवे गायचे?' मुळीच नाही. घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चुलीपुढे खोकणाऱ्या आईला पाहिलेल्या कुणालाही चूल रम्य वाटणार नाही. पण चुलीतून सुटका वरून पाठवता येत नाही, हेही आपण पाहिले आहे. १९८०च्या दशकात निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या, पुष्कळशा वर्षा-दोन वर्षांत फुटल्या-तुटल्या आणि २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. चूल सुधारायची की नाही हे ठरवायला घरात बाईच्या शब्दाला आणि वेळेला किंमत लागते, हे बीना अगरवाल यांनी १९८० च्या दशकातच मांडले होते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. दहा कोटींहून अधिक जोडण्या बायकांच्या नावावर झाल्या, ही चांगलीच गोष्ट. पण या घरांत वर्षाला सरासरी चार-साडेचारच्या आसपासच टाक्या भरल्या जातात. टाकी महाग पडली की बाई पुन्हा सरपणाकडे वळते. म्हणजे शेतातले जळण हाच अजून तिचा शेवटचा आधार आहे. तो काढून घेणारी योजना कितीही हिरवी असो, ती बाईच्या डोक्यावरचा भारा आणखी दोन मैल लांबवणार.

आणखी एक गोष्ट. या वायूतला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो कोंडला तर माणूस गुंगीतच दगावतो. वायू धुतलेल्या पाण्यात डांबरासारखा मैला उतरतो. ते पाणी ओढ्यात सोडले तर पाणी भरणारीच्या घागरीत येते. म्हणून यंत्र उघड्या, वाऱ्याच्या जागी हवे, पाण्याची सोय हवी आणि चालवणाऱ्या माणसाला नीट शिक्षण हवे. ते शिक्षण मुलींना का नको? झाडलोट आणि काटक्या फोडणे बायकांकडे, किल्ली आणि पगार पुरुषाकडे, ही वाटणी आपल्याला चांगली ओळखीची आहे. बिहारमध्ये २००७ पासून भाताच्या तुसावर गावांना वीज देणाऱ्या हस्क पॉवर या कंपनीने उरलेल्या कोळशाच्या भुकटीपासून उदबत्त्या करण्याचे काम बायकांना दिले. काम मिळाले हे बरेच झाले. पण बाईची जागा भट्टीच्या राखेपाशीच असावी, भट्टीपाशी नसावी, हे आपण का मान्य करायचे?

तेव्हा गावात असा प्रकल्प येत असेल तर संघटनांनी पुढील मागण्या धराव्यात. पहिली, गावातल्या अवशेषांवर पहिला हक्क गावातल्या चुलींचा. घरोघरीचे जळण बाजूला ठेवून उरेल तेच यंत्राला. दुसरी, गोळा करणे, तोडणे, वाळवणे हे काम किमान वेतनावर, आणि मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात. तिसरी, वायू किंवा वीज आधी पाणी, दळण आणि स्वयंपाक यांना. चौथी, यंत्र चालवण्याचे शिक्षण आणि नोकरी यांत निम्मा वाटा मुलींचा. पाचवी, भाव आणि हिशेब ग्रामसभेपुढे. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. अनेक गावांत ती सह्यांपुरतीच उरली आहे. हा विषय त्या सभेत आणला तर सभेलाही जीव येईल.

त्याआधी एक काम आपल्यालाच करता येईल. येत्या हंगामात प्रत्येक गटाने आपल्या गावापुरता साधा हिशेब मांडावा : कोणत्या घरात कोणते जळण येते, कुठून येते, कोण आणते, त्याला किती तास जातात, कोणत्या महिन्यात ते संपते. प्रकल्पाचा साहेब आकडे घेऊन येईल तेव्हा आपलेही आकडे टेबलावर असले पाहिजेत. 'हे वाया जाते' असे तो म्हणाला, की वही उघडून दाखवायची.