विश्लेषण : सर्व्हरची एक डिस्क बंद पडल्यावर आधी ‘रिबिल्ड’ की आधी प्रत?

सावद्यासारख्या केळीच्या बाजारपेठेत व्यापाऱ्यांचे हिशेब आणि पतसंस्थांची खाती आता संगणकावर असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वीजही खेळ करते. अशा वेळी सर्व्हरवर लाल दिवा लागला, तर पहिल्या तासातला निर्णय महत्त्वाचा ठरतो.

‘रेड’ म्हणजे काय?

बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना मांडली. ‘रेड ५’ प्रकारात चार डिस्क असतील, तर तीन डिस्कइतकी माहिती मावते. उरलेली जागा पडताळणीच्या आकड्यांना लागते. त्यामुळे एक डिस्क गेली तरी काम चालू राहते.

मग धोका कुठे?

नवी डिस्क बसवून ‘रिबिल्ड’ सुरू केले, की उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्या बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, तितक्याच झिजलेल्या असतात. त्यातली दुसरी डिस्क मध्येच अडली, तर सगळा संचच कोसळू शकतो.

योग्य क्रम कोणता?

सर्व्हर बंद करून प्रत्येक डिस्कवर तिच्या जागेचा क्रमांक लिहावा. मग प्रत्येक डिस्कची तेवढ्याच किंवा मोठ्या, चांगल्या डिस्कवर हुबेहूब प्रत घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ ही मोफत प्रणाली आधी सहज वाचता येणारा भाग उतरवते, खराब जागांची नोंद ठेवते आणि नंतरच त्यांच्याकडे वळते. खराब जागा वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर पडताळणीच्या आकड्यांवरून त्या भरून काढता येतात. जुळवणी फक्त प्रतींवर करावी. आधीच बाहेर पडलेल्या डिस्कवरची माहिती मात्र शिळी असू शकते.

काय टाळावे?

‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू नये. डिस्क टकटक वाजत असेल, तर ती पुन्हा चालू न करता प्रयोगशाळेत द्यावी. फ्रिजमध्ये ठेवण्याच्या उपायाने आत दव धरते.

‘रेड’ असताना बॅकअप कशाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. तिचा बाहेर बॅकअप नव्हता. ‘रेड’ फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. आग, चोरी, चुकून पुसणे यांपासून नाही. म्हणून सावद्यातल्या हिशेबाची एक प्रत गावाबाहेर हवी आणि ती उघडते का, हे अधूनमधून तपासायला हवे.