पोट बिघडल्यावरचें पथ्य

पोट बिघडलें कीं रत्नागिरीकडील घरांत प्रथम तांदळाची पेज शिजते. ती रास्तच; परंतु मधुमेही माणसाची साखर तिनें चढते. त्यास लोणी काढलेलें पातळ ताक, किंवा गूळ न घातलेलें आमसुलांचें सार, मीठ-जिरें घालून द्यावें. (आमसुलें सगळीं व्यापाऱ्यास घालून पावसाळ्यांत तींच विकत आणणारे बागाईतदार आम्हीं पाहिले आहेत!) सोलकढी मात्र नको, नारळाच्या रसाची स्निग्धता अशा पोटास जड जाते.

तथापि पथ्याचा अतिरेक आम्हांस मान्य नाहीं. जुलाब लागले असतां मीठ-साखरेचें पाणी मधुमेह्यासही दिलेंच पाहिजे. त्यांतील साखरेच्या योगेंच आंतडीं मीठ व पाणी शोषून घेतात. साखर उतरविणारें औषध चालू असून पोटांत अन्न ठरत नसेल, तर डॉक्टरांस त्याच दिवशीं विचारावें.