हाफ प्रेम, फुल धंदा

विद्यापीठातले विद्वान चेतन भगतला लेखक मानत नाहीत. मी मानतो. २००४ साली 'फाइव्ह पॉइंट समवन' आलं, ९५ रुपयांत. इंग्रजीला बिचकणारी वस्तीतली पोरं त्याचं बोट धरून इंग्रजी वाचू लागली, हे मी पाहिलंय. फुटपाथवरची चोरटी प्रत तर आणखी स्वस्त. हे श्रेय त्याचं त्याला.

२००९ ला 'टू स्टेट्स' आली. पंजाबी मल्होत्रा पोरगा, तमिळ ब्राह्मण पोरगी, दोन्ही घरं आडवी, शेवटी लग्न. स्वतःच्या लग्नावर बेतलेली गोष्ट. वाटलं, गड्यानं भिंतीला हात तर घातला! आज भाषेची, प्रांताची, ताटातल्या जेवणाची भिंत, उद्या जातीची.

आला का तो उद्या? २०१४ च्या ऑक्टोबरात 'हाफ गर्लफ्रेंड' आली. नायक बिहारचा, इंग्रजीवाचून कुचंबलेला. पण आडनाव झा आणि घराणं राजाचं! त्याच साली २८ एप्रिलला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात नितीन आगेला मारून झाडाला लटकवलं. वय १७. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. २०१७ ला सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. या देशात प्रेम कुठं अडतं ते खर्ड्याच्या शेंबड्या पोराला कळतं. लाखांनी खपणाऱ्या लेखकाला कळत नाही?

पुढं सगळा उतारच. २०१६ ला 'वन इंडियन गर्ल': बँकेतली बाई, गोव्यातलं लग्न. २०१८ ला 'द गर्ल इन रूम १०५': हिंदू पोरगा, मुसलमान पोरगी. धर्माची भिंत समोर दिसताच गडी खुनाच्या तपासात पळाला. आणि २०२५ ला '१२ इयर्स'. आता अडचण कसली, तर दोघांच्या वयात बारा वर्षांचं अंतर!

बाबासाहेबांनी १९३६ सालीच जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नाकडे बोट दाखवलं. म्हणजे आपल्याकडे प्रेमकथा लिहिणं हे जोखमीचं काम आहे. लोकांना हे नको असतं, ही सबब सांगू नका. २०१६ ला 'सैराट'नं हीच जोखीम घेतली आणि थेटरं ओसंडली.

दोस्तांनो, भगत खुशाल वाचा. पण मिटताना विचारा, यातल्या नायकाचं आडनाव कधीच आपलं का नसतं? आणि तुमच्यापैकी ज्यांनी जात ओलांडून जीव लावलाय, त्यांनी लिहून पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर नको. नावं बदलून छापू.